हुशार मूल आणि सर्जनशील मूल : एका शोधाचा इतिहास

१९२१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या अनेक शाळांमध्ये शिक्षकांच्या हाती एक छापील कागद पडला. आपल्या वर्गातील सर्वांत हुशार मूल कोणते, दुसऱ्या क्रमांकाचे कोणते, तिसऱ्या क्रमांकाचे कोणते, आणि वर्गात वयाने सर्वांत लहान मूल कोणते, अशी नावे त्यावर लिहायची होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन असामान्य बुद्धीच्या मुलांचा शोध घेत होते. शिक्षकांनी सुचवलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घ्यायची, ज्यांचा बुद्ध्यंक साधारण १४० च्या आसपास किंवा त्याहून वर येईल त्यांना निवडायचे आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या वाटचालीची नोंद ठेवायची, अशी त्यांची योजना होती.

असा कागद आपण सर्वच शिक्षक मनातल्या मनात दरवर्षी भरत असतो. जूनमध्ये नवा वर्ग हाती येतो आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिला, दुसरा, तिसरा कोण हे आपल्या मनात पक्के झालेले असते. हा क्रम आपण कशावरून लावतो? आणि जगात ज्यांनी खरोखर काही नवे निर्माण केले, त्यांना त्यांच्या बालपणी हा क्रम लागू पडला असता का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मानसशास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या शोधाची ही हकिगत आहे.

टर्मन यांनी दीड हजारांहून काही अधिक मुले-मुली निवडली. हा अभ्यास पुढे अनेक दशके चालला. निवडलेली मुले मोठेपणी प्राध्यापक, वकील, डॉक्टर, अधिकारी, लेखक झाली. त्यांचे आरोग्य आणि संसारही सर्वसाधारण लोकांपेक्षा उणे नव्हते. हुशार मूल म्हणजे किडकिडीत, एकलकोंडे आणि अल्पायुषी, हा त्या काळचा समज या अभ्यासाने कायमचा मोडीत काढला. ही टर्मन यांची मोठी कामगिरी आहे.

पण त्याच शोधात चाचणी दिलेले दोन मुलगे पुरेसा बुद्ध्यंक न आल्यामुळे यादीतून वगळले गेले होते. एकाचे नाव विल्यम शॉकली. ट्रान्झिस्टरवरील कामासाठी १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टर्मन यांचे निधन झाले. दुसरा मुलगा लुईस अल्व्हारेझ. त्यांना १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. उल्कापाताने डायनोसॉर नष्ट झाले असावेत ही कल्पनाही १९८० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भूवैज्ञानिक मुलाने सहकाऱ्यांसह मांडली. टर्मन यांनी निवडलेल्या मुलांपैकी मात्र एकालाही नोबेल मिळाले नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढणे बरे नाही. नोबेल पारितोषिक इतके दुर्मिळ आहे, की दीड हजार मुलांत एकही विजेता न निघणे यात नवल काही नाही. तेवढ्यावरून टर्मन यांची चाळणी निरुपयोगी ठरत नाही. परंतु त्या चाळणीतून काहीतरी निसटत होते, हेही खरे. ते काय होते?

वारसा, वेड आणि चिकाटी

प्रतिभावंतांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी केला. हे चार्ल्स डार्विन यांचे नातेवाईक. १८६९ साली त्यांनी वंशपरंपरागत प्रतिभेवर ग्रंथ लिहिला. न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, शास्त्रज्ञ, कवी अशा नामवंतांच्या घराण्यांची माहिती गोळा करून त्यांनी दाखवले, की नामवंतांच्या जवळच्या नात्यात इतर नामवंत फार मोठ्या प्रमाणात सापडतात. यावरून प्रतिभा रक्तातून येते असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यातील उणीव आज कोणताही विद्यार्थी दाखवू शकेल. न्यायाधीशाच्या मुलाला वडिलांचे रक्त मिळते, तशीच त्यांची पुस्तके, शिकवणीचे मास्तर आणि ओळखीपाळखीही मिळतात.

ही उणीव त्याच काळात एकाने दाखवलीही होती. स्वित्झर्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी १८७३ मध्ये विज्ञानाच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहिला. कोणत्या देशात, कोणत्या काळात शास्त्रज्ञ अधिक निपजले हे तपासून त्यांनी शिक्षणाच्या सोयी, विचारस्वातंत्र्य, धार्मिक सहिष्णुता अशा परिस्थितीवर बोट ठेवले. त्यांचा स्वतःचा लहानसा देश हे त्याचे ठळक उदाहरण होते. गाल्टन यांनी मग रॉयल सोसायटीच्या सदस्य शास्त्रज्ञांना एक लांबलचक प्रश्नावली धाडली आणि १८७४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नावली हे साधन मानसशास्त्रात रुळले त्याची ही एक सुरुवात.

इटलीत याच सुमारास चेझारे लोंब्रोझो यांनी वेगळीच वाट धरली होती. प्रतिभा आणि वेड ही एकाच घरातील भावंडे आहेत असे त्यांनी १८६४ च्या पुस्तकात मांडले. थोरांच्या चरित्रांतून विक्षिप्तपणाचे किस्से वेचायचे आणि शांतपणे संसार करणाऱ्या थोरांकडे काणाडोळा करायचा, अशी ही पद्धत होती. शास्त्रात तिला फार काळ थारा मिळाला नाही, पण लोकांच्या मनात ‘कलावंत म्हणजे थोडासा वेडाच’ हा समज आजही टिकून आहे.

टर्मन यांच्या विद्यार्थिनी कॅथरिन कॉक्स यांनी १९२६ मध्ये निराळा प्रयोग केला. १४५० ते १८५० या काळात जन्मलेल्या ३०१ थोर व्यक्तींची चरित्रे वाचून, बालपणीच्या नोंदींवरून त्यांनी प्रत्येकाच्या बुद्ध्यंकाचा अंदाज बांधला. मेलेल्या माणसाचा बुद्ध्यंक काढणे ही तशी धाडसाचीच गोष्ट. आज त्या आकड्यांवर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. पण त्यांचे एक निरीक्षण पुढे पुन्हा पुन्हा खरे ठरले. बुद्धी चांगली, पण सर्वोच्च नव्हे, आणि सोबत दांडगी चिकाटी, असा माणूस सर्वोच्च बुद्धीच्या पण कमी चिकाटीच्या माणसापेक्षा पुढे जातो. खुद्द टर्मन यांनाही हेच आढळले. आपल्या गटातील सर्वांत यशस्वी १५० आणि सर्वांत कमी यशस्वी १५० पुरुषांची त्यांनी १९४० च्या दशकात तुलना केली. दोन्ही गटांच्या बुद्ध्यंकांत फरक थोडाच होता. मोठा फरक होता तो चिकाटी, आत्मविश्वास आणि ध्येयाकडे एकवटून जाण्याच्या वृत्तीत.

म्हणजे प्रश्न आता बुद्धीकडून स्वभावाकडे वळला होता.

एक भाषण

५ सप्टेंबर १९५० रोजी अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्षपदावरून जे. पी. गिलफर्ड यांनी भाषण केले. विषय होता सर्जनशीलता. त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना आरसाच दाखवला. आधीच्या तेवीस वर्षांत मानसशास्त्रातील सुमारे १,२१,००० लेखनांची सूची झाली होती आणि त्यांत सर्जनशीलतेशी संबंध असलेली होती केवळ १८६. हजारात दोनसुद्धा नाहीत!

गिलफर्ड यांचे म्हणणे साधे होते. बुद्धिमापन चाचणीतील प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते. अनेक वाटांनी येऊन एका उत्तराशी पोचणे, या विचाराला आपण अभिसारी विचार म्हणू. पण नवनिर्मितीसाठी एका जागेवरून अनेक दिशांना जाणारा अपसारी विचारही लागतो. विटेचे किती उपयोग करता येतील, हा त्यांच्या चाचणीतील प्रश्न पुढे फार प्रसिद्ध झाला. भिंत बांधता येईल, घर बांधता येईल, शाळा बांधता येईल, असे सांगणारा मुलगा एकाच वाटेवर चालत असतो. कागद उडू नये म्हणून वजन ठेवता येईल, दाराला अटकाव करता येईल, कुटून तांबडा रंग करता येईल, असे सांगणारा दर खेपेला नवी वाट काढतो.

या भाषणानंतर सर्जनशीलतेच्या अभ्यासाला पूर आला. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि आपण मागे पडलो या धास्तीने अमेरिकेत अशा संशोधनाकडे अधिकच लक्ष जाऊ लागले.

बर्कलेचे तीन दिवस

या लाटेतील सर्वांत गाजलेला अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील व्यक्तिमत्त्व संशोधन संस्थेत झाला. ही संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डोनाल्ड मॅकिनन यांचा पूर्वानुभव मजेदार होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यासाठी माणसे पारखण्याचे काम त्यांनी केले होते. उमेदवारांना एका वाड्यात काही दिवस एकत्र ठेवायचे, त्यांना निरनिराळी कामे द्यायची आणि जेवताना, खेळताना, वाद घालताना त्यांचे निरीक्षण करायचे, अशी ती पद्धत होती. तीच पद्धत आता शांततेच्या काळात सर्जनशील माणसांसाठी वापरायचे ठरले. विद्यार्थ्यांच्या एका जुन्या वसतिगृहवजा घरात हे काम चाले.

लेखक, गणिती, शास्त्रज्ञ, अभियंते अशा अनेकांचा अभ्यास झाला, पण सर्वांत बारकाईने झाला तो वास्तुशिल्पकारांचा. चांगल्या वास्तुशिल्पकाराला कलावंताची नजर हवी, अभियंत्याचे गणित हवे आणि गिऱ्हाइकाला पटवण्याचे व्यवहारज्ञानही हवे. वास्तुशास्त्राच्या पाच प्राध्यापकांनी देशातील सर्वांत सर्जनशील वास्तुशिल्पकारांची नावे सुचवली. त्यांपैकी ६४ जणांना आमंत्रणे गेली आणि ४० जण आले. १९५८-५९ मध्ये दहादहांच्या गटाने ते तीन-तीन दिवस येऊन राहिले. त्यांत एरो सारिनेन, लुई कान, फिलिप जॉन्सन, आय. एम. पेई अशी मोठी माणसे होती. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची विटांची भव्य इमारत पुढे ज्यांनी उभी केली, तेच हे लुई कान.

तुलनेसाठी आणखी दोन गट घेतले होते. या नामवंतांच्या हाताखाली किमान दोन वर्षे काम केलेले ४३ जण, आणि त्यांच्याशी असा काही संबंध न आलेले ४१ जण. म्हणजे एकूण १२४ वास्तुशिल्पकार. ही तुलना महत्त्वाची आहे, कारण तिघेही गट वास्तुशिल्पकारांचेच होते. गाल्टन आणि लोंब्रोझो यांच्याकडे अशी तुलनाच नव्हती.

पाहुण्यांच्या मुलाखती झाल्या, लेखी चाचण्या झाल्या, चौकोनी रंगीत तुकड्यांतून नक्षी जुळवण्याचे कामही दिले गेले. तुकडे बावीस रंगांचे होते. सारिनेन यांनी सगळे रंग बाजूला सारले आणि केवळ पांढरे तुकडे उचलून नक्षी केली.

काय आढळले?

पहिले निरीक्षण बुद्धीबद्दलचे. टर्मन यांनीच तयार केलेली प्रौढांची एक अवघड चाचणी येथे वापरली गेली. सर्जनशीलता आणि त्या चाचणीतील गुण यांचा सहसंबंध निघाला उणे ०.०८, म्हणजे जवळजवळ शून्य. याचा अर्थ बुद्धी लागत नाही असा नव्हे. वास्तुशिल्पकार होण्यासाठी जेवढी बुद्धी लागते तेवढी या सर्वांकडे होतीच. एवढ्या उंचीवर पोचल्यावर मात्र बुद्ध्यंकाचे आणखी दहा-वीस गुण कोण अधिक सर्जनशील ठरेल हे सांगू शकत नव्हते.

दुसरे निरीक्षण स्वतःच्या ओळखीबद्दलचे. विशेषणांच्या यादीतून स्वतःला लागू पडणारी विशेषणे निवडायला सांगितले, तेव्हा सर्जनशील गटाने निवडली ती कल्पक, निश्चयी, स्वतंत्र, उत्साही, उद्योगी अशी. कमी सर्जनशील गटाने निवडली जबाबदार, प्रामाणिक, विश्वासू, सहनशील, समजूतदार अशी. शिक्षकाच्या नजरेने या दोन याद्या पुन्हा एकदा वाचून पाहा. प्रगतिपुस्तकावरील शेऱ्यात आपण कोणते शब्द लिहितो? दुसऱ्या यादीतील गुण वाईट नाहीत. चांगला समाज त्यांच्यावरच चालतो. पण पहिल्या यादीतील गुण दिसले तर तेही लिहिण्याचे आपल्याला सुचते का?

तिसरे निरीक्षण गोंधळ सहन करण्याबद्दलचे. या संस्थेतील फ्रँक बॅरन यांनी जॉर्ज वेल्श यांच्यासह एक साधी चाचणी केली होती. रेषांच्या आकृत्या दाखवायच्या आणि कोणती आवडते, कोणती नाही, एवढेच विचारायचे. सर्वसाधारण माणसांना साध्या, दोन्ही बाजू सारख्या असलेल्या आकृत्या आवडत. कलावंतांना गुंतागुंतीच्या, बेढब, असमान आकृत्या आवडत. सर्जनशील वास्तुशिल्पकारांचा कलही गुंतागुंतीकडे होता. अर्धवट, विस्कळीत गोष्ट समोर आली की तिला घाईने नीटनेटकी करून टाकण्याची त्यांना निकड वाटत नसे. त्या पसाऱ्यातून आपली व्यवस्था शोधण्यातच त्यांना गोडी होती.

चौथे निरीक्षण स्वतंत्र निर्णयाचे. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या सुमारास एक प्रयोग केला होता. खोलीतील बाकीचे सगळे जण ठरवून एकाच रेघेची लांबी चुकीची सांगत. खऱ्या प्रयोगपात्राला डोळ्यांना दिसते ते सांगायचे की सगळे म्हणतात ते, हे ठरवावे लागे. बहुतेक जण कधी ना कधी गर्दीबरोबर जात, पण काही जण शेवटपर्यंत डोळ्यांवर विश्वास ठेवत. बॅरन यांनी या ताठ कण्याच्या लोकांना आकृत्या दाखवल्या, तेव्हा तेही गुंतागुंतीच्या आकृत्यांकडे झुकलेले आढळले. म्हणजे स्वतंत्र निर्णय आणि गुंतागुंतीची आवड हे दोन गुण बऱ्याचदा सोबत येतात.

पाचवे निरीक्षण लोंब्रोझो यांना उत्तर देणारे आहे. मानसिक विकारांचा कल मोजणाऱ्या चाचण्यांत सर्जनशील लेखक सर्वसाधारण माणसांपेक्षा बरेच वर आढळले. पण मनाचा कणखरपणा मोजणाऱ्या मोजपट्टीवरही ते वरच होते. सर्वसाधारणपणे यांपैकी एक वर असेल तर दुसरे खाली असते. येथे दोन्ही एकत्र होते. मनात खळबळ अधिक आणि ती पेलण्याची ताकदही अधिक, असा हा प्रकार होता. त्याला वेड म्हणता येणार नाही.

त्यांची शाळा, त्यांचे घर

वास्तुशिल्पकारांनी आपल्या विद्यार्थिदशेबद्दल जे सांगितले ते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. महाविद्यालयात त्यांची सरासरी श्रेणी ‘बी’ होती. बरी, पण नजरेत भरेल अशी नव्हे. ज्या विषयाने मन पकडले त्यात ते पहिल्या श्रेणीचे काम करीत, आणि ज्याने पकडले नाही त्यात काहीच न करण्याची त्यांची तयारी असे. एकाला तर तुझ्यात गुणच नाहीत, तू हा अभ्यासक्रम सोड, असा सल्ला प्रमुखांनी दिला होता. आपल्याकडे रामानुजन यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गणितात असामान्य असलेला हा मुलगा कुंभकोणमच्या महाविद्यालयात इतर विषयांत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गमावून बसला.

घराबद्दलही एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. या मुलांना आईवडिलांनी लहान वयातच पुष्कळ मोकळीक दिली होती आणि ती दिली होती विश्वासाने. मूल योग्य तेच करील असे गृहीत धरलेले असे. लाड आणि धाक, दोन्ही बेताचेच होते.

याच काळात ॲन रो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील ६४ नामवंत शास्त्रज्ञांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन १९५३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे स्वभाव नाना तऱ्हांचे होते, पण कामात बुडून जाण्याची वृत्ती सर्वांत सारखी होती. ही गोडी कधी लागली, असे विचारता अनेकांनी विद्यार्थिदशेतील एका अनुभवाकडे बोट दाखवले. कोणीतरी त्यांना एखादे लहानसे संशोधन स्वतः करू दिले होते, आणि जे पुस्तकात नाही ते आपण स्वतः शोधून काढू शकतो हे त्यांना तेव्हा प्रथम कळले होते. त्यानंतर ते मागे फिरले नाहीत.

वर्गातील कसोटी

मोठ्या माणसांच्या आठवणी एक वेळ बाजूला ठेवू. वर्गातल्या मुलांचे काय? जेकब गेत्झेल्स आणि फिलिप जॅक्सन यांनी शिकागोतील एका खासगी शाळेत अभ्यास करून १९६२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी दोन गट निवडले. एकात बुद्ध्यंक फार वरचा, पण सर्जनशीलतेच्या चाचणीत मागे असलेली २८ मुले. यांचा सरासरी बुद्ध्यंक १५० होता. दुसऱ्यात सर्जनशीलतेत पुढे, पण बुद्ध्यंकात तितकी वर नसलेली २६ मुले. यांचा सरासरी बुद्ध्यंक १२७. दोन्ही गटांचे शालेय यश मात्र सारखेच निघाले. शिक्षकांना कोणती मुले वर्गात असणे आवडते असे विचारले, तेव्हा त्यांची पसंती पहिल्या गटाला मिळाली. दुसऱ्या गटातील मुले विनोदबुद्धीला फार मोल देत आणि मोठेपणी रुळलेल्या व्यवसायांबाहेरचे काहीतरी करण्याची स्वप्ने पाहत.

या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. दोन्हींत पुढे असलेल्या मुलांना त्यांनी तुलनेतून वगळलेच होते. शिवाय चाचण्या परीक्षेच्या वातावरणात झाल्या होत्या. मायकेल वालाख आणि नेथन कोगन यांनी १९६५ मध्ये ही चूक टाळली. पाचवीतील १५१ मुलांबरोबर त्यांनी घड्याळ न लावता, खेळ खेळावा तशा चाचण्या केल्या. तेव्हा बुद्धी आणि सर्जनशीलता यांच्यात अगदी थोडा संबंध उरला. त्यांना आढळलेला एक गट शिक्षकाला विचारात पाडणारा आहे. बुद्ध्यंकात मागे, पण सर्जनशीलतेत पुढे असलेली मुले वर्गात सर्वांत जास्त हिरमुसलेली, स्वतःवर अविश्वास असलेली आणि अडथळा आणणारी दिसत. मात्र गुणांची भीती काढून घेतली की तीच मुले खुलत.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. गेत्झेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी शिकागोच्या कलाशाळेतील ३१ विद्यार्थ्यांना एका खोलीत बोलावले. तेथे दोन टेबले आणि २७ वस्तू होत्या. हव्या त्या वस्तू उचला, दुसऱ्या टेबलावर मांडा आणि चित्र काढा, एवढेच सांगितले. काहींनी दोन-चार वस्तू घेऊन लगेच काम सुरू केले. काही जण अनेक वस्तू हाताळत राहिले, मांडणी बदलत राहिले, चित्र सुरू झाल्यावरही त्याचा विषय पालटत राहिले. काय काढायचे हे ठरवायलाच त्यांना वेळ लागला. काही वर्षांनी पाहिले, तेव्हा चित्रकार म्हणून नाव मिळवणाऱ्यांत या दुसऱ्या तऱ्हेचे विद्यार्थी अधिक होते. दिलेला प्रश्न सोडवणे आणि प्रश्नच शोधून काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या अभ्यासाने १९७६ मध्ये दाखवून दिले.

मर्यादाही ध्यानात घेऊ

या सर्व संशोधनात कच्चे दुवे आहेत. बर्कलेला आलेले ते चाळीसही वास्तुशिल्पकार पुरुष होते. त्या काळच्या अमेरिकेत स्त्रीला त्या व्यवसायात नाव मिळवणे किती कठीण होते, याचाच हा पुरावा. पुढे त्याच संस्थेत रॅव्हेना हेल्सन यांनी स्त्री-गणितींचा अभ्यास करून ही उणीव थोडी भरून काढली. दुसरे असे, की सर्जनशील कोण हे येथे प्रसिद्धीवरून ठरले. आपल्या देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म जगापुढे मांडला, पण त्यांचे नाव देशाबाहेर सर्वदूर पोचले ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर. १९५८ मध्ये कोणी आपल्या प्राध्यापकांकडून सर्जनशील गणितींची यादी मागवली असती, तर एका शाळामास्तराचे नाव तीत आले असते का?

तिसरे असे, की आत्मविश्वासामुळे यश आले की यशामुळे आत्मविश्वास, हे मोठेपणी घेतलेल्या मुलाखतींतून कळत नाही. आणि चौथे, सर्जनशीलता म्हणजे शहाणपण नव्हे. बुद्ध्यंकाच्या चाळणीने ज्यांना वगळले होते, त्याच शॉकली यांनी उत्तरायुष्यात बुद्ध्यंकाच्या आधारावर वंशावंशांत उच्चनीचता असल्याचा अशास्त्रीय प्रचार केला.

तरीही मूळ चित्र टिकून आहे. ग्रेगरी फाइस्ट यांनी १९९८ मध्ये कलावंत आणि शास्त्रज्ञ यांच्यावरील अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. नव्या अनुभवांबद्दल मोकळेपणा, रूढींबाबत बेफिकिरी, आत्मविश्वास आणि कामाची आतून येणारी ओढ हे गुण पुन्हा समोर आले. हटवादीपणा आणि उतावळेपणाही सोबत होते. ही सरासरी आहे. वर्गातला प्रत्येक दंगेखोर मुलगा सर्जनशील असतो असा अर्थ कोणी काढू नये, आणि शांतपणे अभ्यास करणारी मुलगी सर्जनशील नसते असाही काढू नये.

आपला कागद

१९९५ मध्ये अमेरिकेत एरिक वेस्टबी आणि व्ही. एल. डॉसन यांनी शिक्षकांची एक पाहणी केली. सर्जनशील मुले आम्हाला आवडतात, असे शिक्षक म्हणाले. पण त्यांच्या आवडत्या आणि नावडत्या विद्यार्थ्यांचे गुण नोंदवले, तेव्हा सर्जनशील मुलांचे गुण नावडत्यांशी अधिक जुळले. त्यात खोटेपणा नव्हता. साठ मुलांचा वर्ग, पुरा करायचा अभ्यासक्रम आणि घंटेकडे लागलेले कान, अशा स्थितीत वाकडा प्रश्न विचारणारे मूल अडचणीचेच वाटते. हे आपणही जाणतो.

सर्जनशील मूल अचूक ओळखून काढणारी चाचणी अजून कोणाला सापडलेली नाही. ॲन रो यांच्या शास्त्रज्ञांची आठवण ठेवली, तर ओळखण्याची फारशी गरजही नाही. वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाला असे एखादे काम देता येईल, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि शिक्षकालाही ठाऊक नाही. शाळेच्या आवारात किती जातींच्या मुंग्या आहेत? गावातल्या विहिरींचे पाणी महिन्यागणिक किती खाली जाते? या धड्यावर पुस्तकात नसलेले पाच प्रश्न कोणते? त्या कामाला गुण देऊ नयेत आणि घड्याळही लावू नये.

मग दिवाळीपर्यंत मनात पक्का झालेला आपला पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक पुन्हा एकदा तपासून पाहावा. तो बदलेलच असे नाही. पण आजवर ज्याचे नाव आपल्या कागदावर कधीच आले नव्हते असे एखादे मूल, न सांगता, शाळा सुटल्यावरही मुंग्या मोजत बसलेले दिसेल.